हर्षिताला अवकाश पाहिजे

६ एप्रिल, रविवार

मेंटॉर व्हायचं ठरवलं. नक्की.

ऑफिस वर्षाला तीन दिवस समाजसेवेसाठी सुट्टी देतं. गेली चार वर्षं मी ती वाया घालवली. यंदा एचआरची मेल आली, लिंक उघडली, आणि शाळकरी-कॉलेजच्या मुलांना मार्गदर्शक मिळवून देणाऱ्या एका ट्रस्टकडे नाव नोंदवलं. 'हे काम का करावंसं वाटतं?' असा प्रश्न होता. प्रामाणिक उत्तर द्यायचं म्हणून बराच वेळ बसलो. प्रामाणिक उत्तर असं की सध्या मला काहीच करावंसं वाटत नाही. मागच्या वर्षी प्रमोशन झालं तेव्हाही काही वाटलं नाही. पेढे होते, खाल्ले. सासरे आयसीयूत होते तेव्हा वाटलं नाही, बरे होऊन घरी आले तेव्हाही नाही. शेवटी 'समाजाचं ऋण' असं लिहिलं. हे खोटं आहे का? पूर्ण खोटं नाही. समाज आहे. ऋणही असेल.

१२ एप्रिल, शनिवार

ट्रस्टचं प्रशिक्षण. भाग्यलक्ष्मी मॅडमनी घेतलं. तीन नियम. मेंटॉरनं तीस टक्के बोलायचं, सत्तर टक्के ऐकायचं. मूल जे सांगेल ते बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही. आणि मुलाचं स्वप्न मुलाचं, त्यावर आपलं लादायचं नाही. तिन्ही नियम मला आधीपासूनच पटलेले आहेत. शेजारचा बँकवाला सगळं मोबाइलवर टिपत होता. मला गरज वाटली नाही. अठरा वर्षं ऑडिटमध्ये काढल्यावर ऐकण्याची सवय असते.

मला मुद्दाम मराठी घरातली मुलगी दिली आहे. मॅडम म्हणाल्या, तुमचं कन्नड बेताचं, त्यामुळे भाषेचा गोंधळ नको.

घरी आल्यावर कावेरीनं विचारलं, काय काय झालं? मी म्हटलं, गोपनीय आहे. ती म्हणाली, अजून मुलगी भेटलीसुद्धा नाही, गोपनीय काय? तत्त्व म्हणून. बायको असली तरी नियम नियमच. ती निपाणीची, कन्नड आणि मराठी दोन्ही तिला सारखीच. भाजीवाल्याशी एक, माझ्याशी एक. पंधरा वर्षं तिच्या जिवावर मी या गावात कन्नडशिवाय काढली. पण या कामात तिची मदत घ्यायची नाही.

२० एप्रिल, रविवार

पहिली भेट. जयनगर कॉम्प्लेक्ससमोरची दर्शिनी, म्हणजे उभ्यानं इडली-डोसा खायचं हॉटेल, पण इथे वरच्या मजल्यावर बसायची सोय आहे. गोपनीयता म्हणून मुलीचं नाव इथे फक्त ह. असं लिहीन.

ह. सोळा वर्षांची. दहावीची परीक्षा दिली आहे. वडील भगवंतराव, तिचे अप्पा, जयनगरमध्येच टेलरिंगचं दुकान. पूर्वज चारशे वर्षांपूर्वी इकडे आले म्हणे, त्यामुळे घरात मराठी, पण कन्नडची ठिगळं लावलेली. सरी म्हणजे ठीक, स्वल्प म्हणजे थोडं, शिवाय अण्णा, अक्का. मी तिची एकही चूक दुरुस्त केली नाही. मनात केल्या.

विचारलं, तुला आयुष्यात काय पाहिजे? तिनं कॉफीचा पेला खाली ठेवला.

"मला एक अवकाश पाहिजे, सर. तेवढा मिळाला की पुढचं मी बघते."

अवकाश! टेलरची मुलगी. (इथे 'एक' हा शब्द अनावश्यक आहे, पण असो.) मला क्षणभर काहीतरी वाटल्यासारखं झालं. ॲसिडिटीही असू शकेल, इडलीवर दोन वेळा सांबार घेतलं होतं.

मग ती पीण्याचं, म्हणजे शहराच्या टोकाच्या कारखान्यांच्या भागाचंही काही बोलली. तिथे टूलरूमचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. मशीन, साचे, शेवटच्या वर्षी स्टायपेंड. प्रवेशाच्या दिवशी वडिलांनी स्वतः येऊन सही केली तरच सीट मिळते. अगदी पाठ केल्यासारखं, भराभर. घरच्यांनी डोक्यावर ठेवलेलं ओझं मुलं किती सहज स्वतःचं म्हणून सांगतात! मी ते सौम्यपणे बाजूला ठेवलं आणि विचारलं, अवकाशाचं कधीपासून वाटतं? म्हणाली, लहानपणापासून, पण आमच्या घरात अजून कुठल्या मुलीला मिळाला नाही. मी म्हटलं, अख्ख्या देशात तरी किती जणींना मिळालाय!

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. धीर आला असावा.

मी साधारण तीस टक्के बोललो असेन. पस्तीस.

२१ एप्रिल, सोमवार

बारा आठवड्यांचा आराखडा केला. सूर्यमाला, मग तारे, मग रॉकेट, मग करिअर. इस्रो याच शहरात आहे, हा योगायोग नाही. (योगायोगच आहे. पण उपयोगी आहे.)

ह. हे हवामान खात्यासारखं वाटतं. शिवाय ही डायरी कुणी वाचत नाही. यापुढे हर्षिता असंच लिहीन.

२७ एप्रिल, रविवार

बुध ते गुरू. हर्षिता लक्ष देऊन ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, अप्पा अवकाश देत नाहीत. हे वेगळ्या पातळीवरचं झालं. म्हणजे घरात मोकळीक नाही, ज्याला स्पेस म्हणतात ती. एकाच शब्दात दोन अर्थ, आणि दोन्ही खरे. मुलगी साधी नाही.

तिच्या बोटांना काळं ग्रीस होतं. दुकानातलं ओव्हरलॉकचं मशीन बंद पडलं होतं, ते तिनं खोललं म्हणाली. सुट्टीतही पोरीला कामाला जुंपलंय. सांगताना ती हसत होती. अशी मुलं हसतातच.

परत पीण्याचा विषय काढला. काका म्हणतात, मशीनवर मुलगी कशाला, गल्ल्यावर बसव. अप्पा काहीच म्हणत नाहीत. मी म्हटलं, ते आपण नंतर बघू. गुरूला सोळा मिनिटंच उरली होती.

४ मे, रविवार

तारांगण. तिचा निकालही लागला, एक्क्याण्णव टक्के. मी अभिनंदन केलं आणि विज्ञानाचे मार्क विचारले. तिनं सांगितले. पुढे म्हणाली, टूलरूमच्या यादीत एवढ्यावर नाव लागतंच. मी त्यावर काही बोललो नाही. ऐकणं म्हणजे प्रत्येक गोष्टीला उत्तर देणं नव्हे.

शो कन्नडमधून होता. मला शनीची कडी ओळखू आली. निवेदक सारखं बाह्याकाश, बाह्याकाश म्हणत होता, अवकाश एकदाही नाही. इतक्या मोठ्या संस्थेत शब्दांची अशी हेळसांड बरी नाही. तक्रारपेटीत चिठ्ठी टाकावी का, यावर विचार केला. पेटी सापडली नाही.

बाहेर आल्यावर हर्षितानं विचारलं, तुम्हाला आवडलं का सर? मी म्हटलं, खूप. ती म्हणाली, मग बरं झालं.

११ मे, रविवार

आज तिनं सरळ विचारलं, तुम्ही अप्पांशी बोलाल का? प्रवेश सोळा जूनला आहे, सोमवारी. अप्पा त्या दिवशी आले तरच. मोठ्या माणसानं सांगितलं तर ते ऐकतात.

म्हणजे वेळ थोडा आहे. सोळा तारखेला वडील तिला पीण्याला नेऊन सही करणार आणि सगळं संपणार. तिनं उघड मदत मागितली आहे. मी शब्द दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही, पण मी पाणी प्यायलो.

प्रश्न: वडिलांच्या निर्णयात मी पडावं का? हे लादणं नाही का? उत्तर: मी माझं काही लादत नाही, तिचं तिला मिळवून देतोय. हे पुन्हा तपासलं. बरोबर आहे.

१८ मे, रविवार

ऑफिसमधल्या नागराजचा टेलिस्कोप आणला होता. संध्याकाळी आमच्या गच्चीवर भेट ठेवली. हर्षिताची काकू सोबत आली, ती भिंतीला टेकून बसली. आकाशात ढग. तासभर वाट पाहिली. मग निदान वापर तरी समजावा म्हणून टाकीवरचा नळ दाखवला. स्पष्ट दिसला. हर्षितानं टेलिस्कोपकडे फारसं पाहिलंच नाही, त्याच्या खालच्या स्टँडचा स्क्रू सैल आहे म्हणाली आणि नाण्यानं घट्ट करून दिला.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: गच्चीवरून बी विंगच्या खिडक्यांत दुर्बिणीनं कोण बघत होतं? मी उत्तर दिलं नाही. गोपनीयता.

कावेरीनं विचारलं, ती पोरगी नक्की काय मागतेय तुमच्याकडे? मी नुसतं हसलो. ती म्हणाली, हसू नका, भीती वाटते.

२४ मे, शनिवार

भगवंतरावांच्या दुकानात गेलो. बोलण्याचे मुद्दे ऑफिसमध्ये दोन वेळा म्हणून बघितले होते.

लहानसं दुकान. कापडाचे तागे, दोन शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक. कोपऱ्यात कटिंग मास्तर, देवाप्पा नावाचा, कात्री चालवत होता. हर्षिता ओव्हरलॉकपाशी. भगवंतराव गळ्यात टेप घातलेला सडपातळ माणूस. मला स्टूल दिलं, स्वतः उभे राहिले. मी म्हटलं, बसा. ते म्हणाले, बसून ऐकायची सवय नाही.

मी सुरुवात केली. मुलांना अवकाश द्यावा लागतो. भगवंतराव म्हणाले, खरं आहे सर, मीही तोच विचार करतोय, पण धीर होत नाही. समजूतदार माणूस. मी पुढे गेलो. पीण्यासारख्या ठिकाणी, कारखान्यांच्या गर्दीत, मशीन आणि तेल यांत चार वर्षं. एवढी हुशार मुलगी. तिचं मन भलतीकडे. आपण आपली भीती किंवा आपल्या गरजा मुलांवर लादू नयेत. तिला पीण्याला पाठवू नका. घराजवळच्या कॉलेजात सायन्सला घाला.

भगवंतराव बराच वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते. म्हणाले, तिला पीण्याला नकोच का सर? मी म्हटलं, नकोच.

ओव्हरलॉक थांबलं. हर्षिता वडिलांना कन्नडमधून काहीतरी म्हणाली, भरभर. ते तिला काहीतरी म्हणाले. ती परत म्हणाली. ते बापलेकीचं खासगी बोलणं होतं, त्यामुळे मी कापडाकडे पाहत राहिलो. मग भगवंतराव मराठीत म्हणाले, सरी सर. तुम्ही एवढं शिकलेले. तुम्ही म्हणता तर नाही पाठवत.

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. हर्षिता मान खाली घालून बसली होती. भावना अनावर झाल्या असाव्यात. निघताना देवाप्पानं कात्री थांबवून माझ्याकडे पाहिलं. आदरानं, असं मला वाटतं.

१ जून, रविवार

हर्षिता आली, पण काही खाल्लं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "सर, तो एकच अवकाश होता."

किती सुंदर वाक्य. मी तिला सांगितलं की काही शास्त्रज्ञांच्या मते अवकाश एक नसून अनेक असू शकतात. ती म्हणाली, श्रीमंतांना असतील. हे मला नीटसं कळलं नाही, पण विचार करायला लावणारं आहे.

आज मी साठ टक्के बोललो. तिनं बोलायचं नाही ठरवल्यावर टक्केवारी आपोआप वाढते. ही मोजण्याच्या पद्धतीतली त्रुटी आहे.

८ जून, रविवार

हर्षिता आली नाही. काकूचा फोन, डोकं दुखतंय. दोन कॉफी मागवल्या होत्या, दोन्ही प्यायलो.

१५ जून, रविवार

आली नाही. फोनही नाही. मेंटॉरची गरज कमी होत जाणं हेच मेंटॉरचं यश, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. सांगितलं नसेल तर सांगायला हवं होतं.

उद्या सोळा. भगवंतराव शब्द फिरवणार नाहीत ना? दुकानावरून चक्कर मारली. आतून ओव्हरलॉकचा आवाज येत होता. निश्चिंत झालो.

१९ जून, गुरुवार

ट्रस्टचा मध्यावधी आढावा. 'मुलाच्या आयुष्यात तुमच्यामुळे काही बदल झाला का?' पाचापैकी चार दिले. पाच देणं उद्धटपणाचं झालं असतं.

२२ जून, रविवार

कावेरीबरोबर जयनगरला, तिला ब्लाउजपीस घ्यायचे होते. सिग्नलला मोठा फ्लेक्स लागला आहे. वॉर्डाची निवडणूक कधी हे कुणालाच माहीत नाही, पण इच्छुक आत्तापासून हात जोडून उभे आहेत. कावेरी मोठ्यानं वाचत होती, तिला फ्लेक्स वाचायची सवय आहे. "ननगोंदु अवकाश कोडी." मी म्हटलं, हा अवकाशात जाऊन काय करणार?

कावेरी हसायला लागली. "अहो, अवकाश म्हणजे चान्स. मला एक संधी द्या, म्हणतोय बिचारा."

सिग्नल सुटला. आम्ही रस्ता ओलांडला. तिनं विचारलं, मध्येच थांबलात का? मी म्हटलं, चपलेत खडा.

मला एक संधी पाहिजे, सर. अप्पा संधी देत नाहीत. सर, ती एकच संधी होती.

काही वाटलं नाही. खरोखर. ब्लाउजपीस घेतले. तीन दुकानं फिरलो. तिला मोरपंखी हवा होता, तो शेवटच्या दुकानात मिळाला. घरी येऊन वरणभात खाल्ला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो, पण हात धुवायचे राहिले.

नंतर नीट विचार केला. कन्नडमध्ये अवकाश म्हणजे संधी. मराठीत बोलताना आपण तसं म्हणत नाही. चूक झाली ती दोन भाषांच्या मधल्या जागेत. ऑडिटच्या भाषेत, माझ्या वाट्याला एक तृतीयांश.

रात्री कावेरीला सगळं सांगितलं. नियम मोडला. ती म्हणाली, एप्रिलमध्येच विचारायचं होतं ना मला. मी म्हटलं, गोपनीय होतं. ती उठून गेली.

२३ जून, सोमवार

ऑफिस बुडवून दुकानात गेलो. भगवंतरावांना शब्दाचा घोळ समजावून सांगितला. कन्नडमध्ये असा अर्थ, मराठीत तसा. ते शेवटपर्यंत ऐकत होते, उभे राहून. मी म्हटलं, तिला पीण्याला पाठवा, मीच चुकलो.

"तुम्ही आला नसता तर मी सोळाला गेलोच असतो, सर," भगवंतराव म्हणाले. "पाय ओढत गेलो असतो, पण गेलो असतो. पोरगी तीन महिने मागे लागली होती. तुमच्यासारखा माणूस नको म्हणाला, तेव्हा मला बरं वाटलं. आता न जायला कारण मिळालं."

पीण्याच्या सीट भरल्या. मी विचारलं, तिथे कुणाशी बोलता येईल का? ते म्हणाले, काय बोलणार सर?

हर्षिता आतून आली. माझ्याकडे न बघता वडिलांशी बोलली, या वेळी मराठीत. मला समजावं म्हणून असेल. दुसरी फेरी हुबळीच्या सेंटरला आहे, दोन तारखेला. तिथे वीस जागा रिकाम्या. अंबुबाई आत्त्या तिथेच असते. भगवंतराव म्हणाले, पीण्याला मेट्रोनं जाऊन संध्याकाळी घरी आली असती, हुबळी म्हणजे हॉस्टेल. ती म्हणाली, हो.

इथे मी मदत करायचं ठरवलं. हुबळी चांगलं शहर आहे, हवा चांगली आहे, मुलं बाहेर राहिली की स्वावलंबी होतात, असं सगळं सांगू लागलो. भगवंतरावांचा चेहरा उतरत चालला. हर्षितानं मला मध्येच थांबवलं.

"सर, तुम्ही आता बोलू नका."

उद्धटपणा नव्हता. मशीन बंद करताना माणूस जसं बटण दाबतो, तसं. देवाप्पानं मला स्टूल दिलं.

येताना स्टेशनवर नकाशा पाहिला. जयनगरहून पीण्याला सरळ हिरवी लाइन जाते. गाडी बदलावीसुद्धा लागत नाही.

२६ जून, गुरुवार

भाग्यलक्ष्मी मॅडमना फोन करून आढाव्यातला आकडा बदलायची विनंती केली. चारचा एक. त्या म्हणाल्या, सिस्टीम बंद झाली आहे, आता पुढच्या तिमाहीत. मी म्हटलं, शून्य देता येतं का? नाही, एकपासून सुरू होतं.

२९ जून, रविवार

भगवंतरावांना फोन केला: मी तुमच्याबरोबर हुबळीला येऊ का? गाडी आहे माझ्याकडे. ते म्हणाले, नोडोणा सर. म्हणजे बघू या. हा शब्द मला येतो. गाडीची हवा तपासून घेतली, पाण्याच्या बाटल्या भरल्या, कावेरीला चटणी-पोळ्या सांगून ठेवल्या.

१ जुलै, मंगळवार

रात्री दहापर्यंत फोन नाही. कावेरीला विचारलं, नोडोणाचा नक्की अर्थ काय? ती म्हणाली, मराठीत बघू म्हटलं की काय असतो? तोच.

तरी पहाटेचा अलार्म लावला. लावून ठेवायला काय हरकत आहे.

२ जुलै, बुधवार

अलार्म वाजला. बंद केला. ऑफिसला गेलो. चटणी-पोळ्या डब्यात.

६ जुलै, रविवार

हर्षिता दर्शिनीत आली. मी अपेक्षा केली नव्हती. सवयीनं बसलो होतो. हुबळीला सीट मिळाली. अकरा तारखेला निघायचं. अप्पांनी सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं, आत्त्यानं तिसऱ्यांदा हातात दिलं. हे सांगताना ती हसली नाही.

मी माफी मागितली. आधी तयार केलेलं वाक्य होतं, ते अर्ध्यात विसरलो. ती म्हणाली, राहू दे सर.

मग मी विचारलंच. इतके आठवडे ग्रह-तारे ऐकत बसलीस, हे काय चाललंय असं एकदाही विचारावंसं वाटलं नाही? वाईट वाटू नये असं बोलायचं होतं तिला, ते दिसत होतं.

"मला वाटलं, तुम्हाला बोलायला कुणी नाही," ती म्हणाली. "अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, जात जा रविवारी. सरांना बरं वाटतं."

तिनं आज डोसा खाल्ला. मी पाहत होतो. पूर्ण खाल्ला. सांबार दोनदा घेतलं.

मी वीस टक्के बोललो. बाकीचा वेळ ती तिथल्या मशीनबद्दल सांगत होती. मिलिंग, ग्राइंडिंग, साचा म्हणजे काय, मिलिमीटरचा शंभरावा भाग कसा मोजतात. निम्मं कळलं नाही. ऐकलं.

११ जुलै, शुक्रवार

आज ती गेली असेल. स्टेशनवर जावं का, याचा सकाळपासून विचार केला. गेलो तर आपल्यासाठी जाऊ की तिच्यासाठी? हे ठरेपर्यंत गाडीची वेळ होऊन गेली.

१३ जुलै, रविवार

आता जायचं कारण नाही. तरी गेलो. कॉफी मागवली.

अकराच्या सुमाराला भगवंतराव जिना चढून वर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टेप नव्हता. समोर बसले. बसले, उभे राहिले नाहीत. मी घाबरून विचारलं, हर्षिता ठीक आहे ना? ठीक आहे म्हणाले. हॉस्टेलात पंखा आवाज करत होता, तो तिनं पहिल्याच दिवशी खोलला. वॉर्डन आधी ओरडल्या आणि मग त्यांनी स्वतःच्या खोलीतला दाखवला. हे सांगताना त्यांनी दोनदा नाक पुसलं. दुकानात ओव्हरलॉक पुन्हा बंद पडलं आहे. मेकॅनिक येतो येतो म्हणतो.

मला काहीतरी वाटत होतं, पण नाव सांगता येईना. ऑडिटमध्ये ज्याला इतर म्हणतात त्यात टाकावं लागेल. मी म्हटलं, भगवंतराव, तुम्ही का आलात?

ते म्हणाले, पोरगी सांगून गेली आहे. रविवारी सर एकटे असतात. बोला सर. मला आकाशातलं काही समजत नाही, पण बसतो.

मी म्हटलं, नको, आज तुम्ही बोला. ते म्हणाले, मला काय बोलायचं असतं? एवढं म्हणून वाट पाहत राहिले, हात मांडीवर ठेवून, गिऱ्हाइकाची वाट पाहतात तसे. शेवटी मी शनीपासून सुरुवात केली. कडी बर्फाची असतात, दुरून अखंड दिसतात. दुसऱ्या मिनिटाला त्यांची मान कलली. सहा दिवस मशीनवर बसणारा माणूस. मी बोलायचं थांबवलं. वेटर टेबल पुसायला आला, त्याला हातानंच थांब म्हटलं. खालून मिक्सरचा आवाज येत होता. कॉफीवर साय धरली.

पाऊण तासानं ते जागे झाले. झालं का सर? मी म्हटलं, झालं. बरं वाटलं का? हो म्हटलं. तेही समाधानानं उठले आणि जिन्यापाशी थांबले.

"पुढच्या रविवारी मला जमणार नाही सर, लग्नाचं काम आलंय. देवाप्पाला पाठवतो. त्याला मराठी येत नाही, पण बसतो चांगला."

सरी, म्हटलं.